प्लायवुडवरची चार मजली इमारत

मी एक नमुना बोलतोय. हसू नका, कचेरीतल्या लोकांनी पुरेसं हसून घेतलंय. गरिबांसाठी घरं बांधायची ठरली की घरांच्या आधी मला बांधतात. टेबलाएवढ्या प्लायवुडवर चार मजली तीन इमारती, मध्ये बाग, स्पंजची झाडं, वर काचेची पेटी. कचेरीचं नाव सांगत नाही. तिला नावाची फार काळजी आहे, माणसांची नाही.

१९८३ साली अंधेरीच्या एका गाळ्यात श्यामसुंदर नावाच्या कारागिराने मला बनवलं. हात लावण्याआधी त्याने कचेरीतल्या साहेबांना विचारलं, "एकदा जागा बघून येऊ का? जमीन कशी आहे ते कळेल."

"सपाट धर रे," साहेब म्हणाले. "गुरुवारी कार्यक्रम आहे."

जागा होती घाटकोपरच्या डोंगरावर. तिथल्या झोपड्यांत कोकणातली माणसं राहत होती. गुरुवारी पायथ्याशी मांडव घालून मला मधोमध ठेवलं. साहेब छडीने माझे मजले दाखवत होते. मीही तेव्हा ताठ होतो, खोटं कशाला बोलू?

गर्दीतून एक बाई पुढे आली. तिचं नाव रुक्मिणी. तिने मला चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "सायबानू, आमचो डोंगर खंय गेलो?"

"बाई, योजना वरून मंजूर होऊन आली आहे."

"वरसून? मग वरसून तरी डोंगर दिसाक होयो होतो."

मांडव हसला. साहेबांनी तिची हरकत लिहून घ्यायला लावली आणि त्या कागदावर शिक्का मारला: नोंद घेतली. त्या कचेरीत नोंद घेतली म्हणजे विषय संपला.

तिचा नवरा दत्ताराम मात्र माझ्यावर भुलला. गिरणी सुटल्यापासून तो वॉचमनकी करत होता. काचेवर बोट टेकवून तो म्हणाला, "ही बघ आपली खोली. दुसरो माळो, कोपऱ्यावरची."

"आधी बांधूक दी त्यांका," रुक्मिणी म्हणाली. पण त्याने सही केली. सगळ्यांनीच केली. कागदावर माझं चित्र छापलं होतं आणि खाली लिहिलं होतं, दोन वर्षांत ताबा. पंधरा दिवसांत झोपड्या पाडल्या आणि माणसांना ट्रकमध्ये भरून दहिसरच्या पत्र्याच्या संक्रमण शिबिरात नेऊन सोडलं.

मग कंत्राटदार जागेवर गेला. त्याला डोंगर दिसला. सपाट जमिनीचा नकाशा तिथे बसेना. साहेबांनी वर कळवलं, "जागेवर डोंगर असल्याची पूर्वकल्पना कार्यालयास नव्हती." रुक्मिणीची हरकत त्याच फायलीत होती. ती कोणी वाचली नाही.

मला कचेरीच्या व्हरांड्यात ठेवलं. दर दोन-तीन महिन्यांनी दत्ताराम यायचा. आधी खिडकीवर विचारायचा, मग माझ्यापाशी उभा राहायचा. एकदा शिपायाला म्हणाला, "कोपऱ्यावरची खोली. दोन्हीकडून वारा येणार." मी पुठ्ठ्याचा आहे, तरी त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. त्या खोलीला भिंतीसुद्धा नव्हत्या. आतून मी पोकळ आहे.

१९८६ साली रुक्मिणी एकटी आली. शिबिरात तापाने दत्ताराम गेला होता. खोली आपल्या नावावर करावी असा अर्ज तिने आणला होता.

कारकून म्हणाला, "ताबा मिळाल्यावर नाव बदलतं, बाई."

"आणि ताबा कधी?"

"काम चालू आहे."

काम चालूच होतं. तिच्या पाठीमागे पेंटर माझ्यावरची 'घाटकोपर' ही पाटी खरवडून 'मुलुंड' आणि खाली कार्यक्रमाची तारीख लिहीत होता. नवा नमुना करण्याचा खर्च नको म्हणून. रुक्मिणी वळली, तिने पाटी वाचली आणि अर्ज पिशवीत घालून निघून गेली.

मुलुंडच्या मांडवात पुन्हा तेच साहेब, तीच छडी. नलिनी नावाची एक मुलगी सही करायला वाकली होती. तेवढ्यात रुक्मिणी आत शिरली आणि तिने माझं चित्र छापलेला आपला जुना कागद माझ्या काचेवर ठेवला.

"ताई, हे चित्र बघ आणि ही बिल्डिंग बघ. तीन वर्षांपूर्वी हिच्यात मला खोली दिली, घाटकोपरला. माझा नवरा वाट बघत मेला."

साहेब ओरडले, "तुमचा इथे काय संबंध?"

"दुसऱ्या माळ्यावर राहते ना मी!"

कोणी हसलं नाही. नलिनीने कागद वाचला, मला न्याहाळलं आणि पेन खाली ठेवलं. "साहेब, आधी बांधा. मग आम्ही उठतो." तिच्यामागची सगळी रांग मोडली. त्या दिवशी एकही सही झाली नाही आणि मुलुंडची एकही झोपडी हलली नाही. मला टेम्पोत टाकून परत आणलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा कोणाला तरी उपयोग झाला होता.

रुक्मिणीला घर मिळालेलं नाही. साहेबांना मात्र बढती मिळाली.

आता १९८९ साल आहे. काल पेंटर पुन्हा आला आणि 'बोरिवली' लिहून गेला. माझी काच पुसता पुसता शिपायाने साहेबांना विचारलं, "ती दहिसरची बाई आली तर?"

"तिला कोण सांगणार?" साहेब म्हणाले.

मी सांगतोय. रुक्मिणीबाई, येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, बोरिवली पूर्वेला, शाळेच्या मैदानावर. तुम्हाला एकच स्टेशन आहे. जरा लवकर निघा, सह्या साडेदहाला सुरू होतात.