जहाल औषध

कागदाच्या त्या गिरणीत पाण्याचा विभाग सांभाळणाऱ्या बाईला सगळे पाणीवाली म्हणत, आणि तिच्या सख्ख्या मामाला सगळे मामा म्हणत. मामा तिच्या कितीतरी आधीपासून तिथे कामाला होता. पण रसायनांचं शिक्षण संपवून ती रुजू झाली, पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत तिनं त्याला हाक मारली, आणि तेव्हापासून तो अख्ख्या गिरणीचा मामा झाला. खुद्द मॅनेजरसाहेबही त्याला त्याच नावानं बोलवत. "या पोरीनं मला शब्दशः मामा बनवला," असं तो कुरकुरत सांगे. मनातून खूश असे.

त्याचं काम पाण्यात औषध घालायचं. लगद्याचं पाणी गिरणीत पुन्हा पुन्हा फिरवतात. कोमट, पिठूळ पाणी ते. जंतूंची त्यात नुसती चैन. टाकीच्या भिंतींवर बुळबुळीत थर धरतो. गिरणीतले लोक त्याला साय म्हणत. सायीचा एखादा गोळा सुटून कागदात आला की तिथे भोक पडतं आणि धावता कागद टर्रकन फाटतो. म्हणून जंतू मारायचं औषध. ते पातळ असायचं, त्यामुळे लागायचंही भरपूर. मामा जडशीळ कॅन खांद्यावर घेऊन लोखंडी जिना चढायचा आणि मगानं मोजून टाकीत ओतायचा.

हल्ली त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. घरी सदरा घालताना मामी बाही धरून उभी राहायची आणि म्हणायची, "नवरदेवाचा थाट आहे, पण हळद काही लागत नाही, मलम लागतं."

ते पाहून पाणीवालीनं मनाशी ठरवलं, हे ओझं बंद. तेच औषध दाट, जहाल स्वरूपात मिळत होतं. पातळ औषधाचे दहा कॅन जे काम करत, ते याचा एक छोटा कॅन करणार होता. मॅनेजरसाहेबांना तिनं पटवलं. गोदामातली जागा मोकळी होणार म्हटल्यावर तेही लगेच तयार झाले.

पण निळे कॅन आले आणि त्यांच्यासोबतचे सूचनांचे कागद वाचून तिचा चेहरा उतरला. पातळ औषध हातावर सांडलं तर फार तर खाज सुटायची. हे सांडलं तर कातडी भाजणार होती, आणि डोळ्यांत गेलं तर डोळाच जाण्याची भीती. मामाच्या खांद्याचा भार उतरवायला निघाले आणि त्याच्या डोळ्यांवर संकट आणून ठेवलं, असं तिला झालं. तिनं निळ्या कॅनच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

"हे मगानं ओतायचं नाही," तिनं मॅनेजरसाहेबांना सांगितलं. "पंप बसवा, तो थेंबाथेंबानं सोडेल. आणि दाराशीच शॉवर आणि डोळे धुवायचा नळ हवा. तोवर झाकण उघडणार नाही."

"अहो, जुनं औषध संपत आलंय, पुन्हा मागवलं तरी यायला तेवढाच वेळ. पंप आणि शॉवर यायला वेळ लागणार. तोवर मामा जपून ओततील की. काय मामा?"

"एवढी वर्षं ओततोय, थेंब सांडला नाही," मामा म्हणाला. "पूर्ण मगाऐवजी अर्धाच घालू. त्यात काय एवढं?"

"नाही मामा."

मामानं तिच्याकडे पाहिलं. "बरं मॅडम," तो म्हणाला.

तो तिला मॅडम म्हणाला, की समजायचं, गाडी घसरली.

जुनं औषध संपलं. सायीनं लगेच डोकं वर काढलं. टाकीपाशी नासक्या अंड्यांसारखा वास यायला लागला, आणि कागद फाटायला सुरुवात झाली. फाटला की मशीन थांबवा, ओला कागद उपसा, टोक पुन्हा रुळांतून ओवा. मशीनचा फोरमन घामाघूम होऊन तिच्या टेबलापाशी आला. "बाई, औषध कुलपात आणि रोगी मरायला टेकलाय. ही कुठली तऱ्हा?"

"किल्ली देणार नाही. दुसरं काहीही मागा."

मॅनेजरसाहेबांनी आठवड्याची मुदत दिली. नंतर कुलूप तोडू म्हणाले. मामा तर तिच्याशी बोलायचाच बंद झाला. शेवटी ती संध्याकाळी मामाच्या घरी गेली. तो मुद्दाम बाहेर निघून गेला. मामी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मी त्याच्याच भल्यासाठी करतेय ना गं, मामी?"

"ते त्याला कळतं. पण पंप बसला की तो घरी बसणार, असं त्याच्या डोक्यात शिरलंय. औषधाला नाही घाबरत तो. रिकामपणाला घाबरतो." मामीनं घडीवर हात फिरवला. "तू मात्र मागे सरू नकोस. हात गेला तर बाही मी धरीन. डोळे गेले तर काय धरू?"

दुसऱ्या दिवशी पाणीवाली मॅनेजरसाहेबांसमोर उभी राहिली. "एक दिवस मशीन बंद ठेवा. टाकी रिकामी करून मी घासून काढते. गरम पाण्यानं धुतली की सायीला पुन्हा धरायला वेळ लागेल. तेवढ्यात पंप येईल."

"तुम्ही घासणार?"

"कुणी आलं तर त्याच्यासोबत. नाही आलं तर एकटी."

टाकी उपसली. आधी मोठ्या पंख्यानं आत हवा सोडली, विषारी वायू उरला नाही ना हे यंत्रानं तपासलं. मग तिनं गमबूट चढवले, कमरेला दोर बांधला आणि शिडीनं खाली उतरली. हातात लांब दांड्याचा ब्रश. भिंतीवरची साय ओल्या कातड्यासारखी सोलून पडत होती. पायाखाली घसरत होतं. ती एका हातानं शिडी धरायची आणि दुसऱ्यानं घासायची. वर दोर कुणी धरलाय ते तिला दिसत नव्हतं. पण ती जरा घसरली की दोर ताणला जायचा आणि ढिला व्हायचा.

थोड्या वेळानं शिडी हलली. फोरमन उतरत होता, मागे त्याची दोन माणसं. "तुम्ही एकट्या घासलंत तर नातवंडांच्या वेळेला संपेल," तो म्हणाला आणि त्यानं बादली उचलली.

बाहेर आल्यावर तिनं पाहिलं, दोर मामाच्या हातात होता. दिवसभर तो जागचा हलला नव्हता. घोटभर पाणी पुढे केलं आणि निघून गेला.

मशीन सुरळीत चाललं. साय पुन्हा हळूहळू धरू लागली होती तोच पंप आला, शॉवर आला, डोळे धुवायचा नळ आला. पाणीवालीनं सगळ्यांना जमवून शिकवलं: हातमोजे, लांब एप्रन, रबरी पट्ट्याचा गॉगल. डोळ्यांत उडालं तर तिथल्या तिथे नळाखाली, आणि सलग पाव तास. किल्ली तिनं मामाच्या हातात ठेवली. "हा पंप तुझ्या ताब्यात. याच्यावर लक्ष ठेवायला माणूस लागतो, आणि तो मला भरवशाचा हवाय."

मामानं किल्ली घेतली. "बघू," म्हणाला. मॅडम म्हणाला नाही, एवढंच तिनं ऐकलं.

पहिला कॅन जोडताना नळीचा सांधा नीट बसेना. तिचा गॉगल घामानं धुरकटला होता, काही दिसेना. तिनं गॉगल कपाळावर सरकवला आणि वाकली. एका क्षणाचं काम, असं तिला वाटलं. सांधा निसटला आणि औषधाचा शिंतोडा तिच्या उजव्या डोळ्यात उडाला.

निखारा पडावा तसं झालं. पुढचं तिला कळलं ते एवढंच, की कुणीतरी तिची मान पकडून तिला ओढत नेलं आणि गार पाण्याची धार थेट डोळ्यावर आली. मामानं दोन बोटांनी तिच्या पापण्या ताणून धरल्या होत्या. दुखऱ्या हातानं तिचं डोकं दाबलं होतं, आणि तो ओरडत होता, "पंप बंद करा! साहेबांना गाडी काढायला सांगा!"

थंडीनं तिचे दात वाजू लागले. "मामा, सोड. बरं वाटतंय."

"गप!"

"अरे, खरंच थांबलंय जळायचं."

"पाव तास म्हणालीस ना? तुझेच शब्द आहेत. झाल्याशिवाय सोडणार नाही. साहेब आले तरी नाही, तू रडलीस तरी नाही." त्याचा आवाज मात्र रडवेला झाला होता. दुखरा हात त्यानं तसाच दाबून ठेवला.

डॉक्टरांनी डोळा तपासला, पुन्हा धुतला, थेंब घातले. वरच्या पडद्याला थोडी इजा होती, ती भरून येणार होती. "लगेच धुतलात म्हणून," ते म्हणाले. "वाटेत घालवला असता वेळ, तर मी काही करू शकलो नसतो." मामा भिंतीला टेकून उभा होता, अंगावरचे कपडे अजून ठिबकत होते. हे ऐकल्यावर तो तिथल्या बाकावर मटकन बसला.

परतीच्या वाटेवर डोळ्याला पट्टी लावलेली पाणीवाली म्हणाली, "चूक माझी झाली. गॉगल मी काढला."

"झाली खरी," मामा म्हणाला. "उद्या सगळ्यांसमोर सांग. मी सांगितलं तर मामाची बडबड म्हणतील. तू सांगितलंस तर ऐकतील."

पट्टी सुटायच्या आतच तिनं सांगितलं, सगळ्यांसमोर, काहीही न लपवता. मॅनेजरसाहेब मागे उभे होते. बोलणं संपल्यावर ते पुढे आले आणि म्हणाले, "गिरणीत येणाऱ्या ताज्या पाण्याची ती दुसरी टाकी, तिचंही औषध बदलायचं म्हणत होतात ना?"

"हो. पण आधी—"

"आधी शॉवर. मागवलाय. न धुरकटणारे गॉगलही मागवलेत."

पाणीवाली मामाला घेऊन दुसऱ्या टाकीकडे निघाली. पंप कुठे बसवायचा, नळी कुठून न्यायची, यावर दोघांचं लगेच वाजलं. ती म्हणे जिन्याच्या डावीकडून, तो म्हणे उजवीकडून. वादात दुपार गेली, आणि कुणाचंच मत बदललं नाही.