मी हिरवा होतो तेव्हा

मित्रांनो, मनिझालेस शहरातल्या एका सॉफ्टवेअर कचेरीच्या भिंतीवर जो जुना टीव्हीचा पडदा दिसतो, तो मी. कारखान्यातून आल्यावर पहिली चार वर्षं एका बेकरीत फुटबॉलचे सामने दाखवले. मग इथल्या प्रमुख नोहेमीबाई, ज्यांना सगळे आदराने दोन्या नोहेमी म्हणतात, मला घेऊन आल्या.

डोंगरातल्या दवाखान्यांनी रुग्णवाहिका मागितली की ती मागणी शहरातल्या इस्पितळात पोचवायची, हे त्यांच्या सॉफ्टवेअरचं काम. त्यावर नजर ठेवणारी नवी प्रणाली निवडायची होती. दोन प्रणाली पाळीपाळीने वापरून बघायचं ठरलं. एल्किन नावाच्या अभियंत्याने पहिली माझ्यावर चढवली. देखणे आलेख, सर्व्हर चालू असला की हिरवा ठिपका. येणारेजाणारे कौतुकाने थबकत. मीही फुशारून गेलो. दुसरी अगदीच साधी, म्हणून तिची पाळी लांबत गेली.

एका मंगळवारी दुपारी डोंगरातल्या एका दवाखान्यातली नर्स लुदिबिया आत आली. तिच्या अंगावरचा डगला रक्ताने माखला होता. ती माझ्यासमोर उभी राहिली.

"हे हिरवं म्हणजे काय?"

"सगळं ठीक चाललंय," एल्किन म्हणाला.

"मी सकाळपासून चारदा गाडी मागितली. मग माझ्याकडची बाई जीपमध्ये का बाळंत झाली?"

बाळ निळं पडलं होतं. लुदिबियाने तोंडाने श्वास देऊन त्याला वाटेतच रडवलं होतं. मायलेकरं इस्पितळात सुखरूप होती. एल्किनने शोध घेतला. सर्व्हर चालूच होते, पण मागण्या मधेच तुंबल्या होत्या. एकूण अकरा. आणि मी त्या सगळ्या वेळात हिरवागार! मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्याच उजेडाची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दोन्या नोहेमींनी लुदिबियाला मुद्दाम बोलावून घेतलं. दोन्ही प्रणाली माझ्यावर शेजारीशेजारी लावल्या. मग एल्किनने मागण्या पोचवणारी चाचणीपुरती जोडणी मधेच तोडली. माझी डावी बाजू हिरवीच राहिली. उजवीकडची साधी प्रणाली मात्र दर मिनिटाला गावाकडून एक नकली मागणी पाठवून ती पोचली का हे बघत होती. मिनिटभरात ती लाल झाली आणि कर्कश वाजू लागली.

"दिसायला काही खास नाही ही," एल्किन ओशाळून पुटपुटला.

"नसू दे," लुदिबिया म्हणाली. "ओरडते ना?"

निवड तिथेच झाली. देखणे आलेख एल्किनने स्वतःच्या हाताने उतरवले.

आता माझं कौतुक कुणी करत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. मित्रांनो, आम्हाला पुसा, जपा, पण आमचा रंग बघून निर्धास्त होऊ नका. आम्हाला जे बघायला सांगाल, तेवढंच आम्ही बघतो. दोन्या नोहेमी हल्ली रोज सकाळी माझ्याकडे पाठ करून बसतात आणि डोंगरातल्या एखाद्या दवाखान्याला फोन लावून विचारतात, "काल गाडी वेळेवर आली का?"