माझी घूं थांबली तेव्हा

मित्रांनो, माझ्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं ‘धर्मपाल साउंड, यवतमाळ’ असं लिहिलेलं आहे. त्यातला ‘साउंड’ आता अर्धा उडाला आहे. मी गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. वयानं जुना, वजनानं भारी आणि स्वभावानं जरा चिडका. गिटारच्या तारांचा आवाज मोठा करून लांबवर पोहोचवायचा, हे माझं काम. मी नसलो तर समोरच्या हजार माणसांना नुसती बोटं हलताना दिसतील. एवढ्यावरून माझा ताठा तुमच्या लक्षात आला असेलच.

माझा जन्म नागपूरच्या एका गल्लीतल्या छोट्या कारखान्यातला. प्लायवूडची पेटी, काळं रेक्झिन, बारा इंची स्पीकर, आत पोलादी सांगाडा आणि विटेएवढा ट्रान्सफॉर्मर. धर्मपाल काका मला न्यायला आले तेव्हा एसटीच्या कंडक्टरनं माझं लगेजचं तिकीट फाडलं. काकांनी ते तिकीट बरीच वर्षं खिशात जपून ठेवलं होतं. लग्नांचे ऑर्केस्ट्रा, भीमजयंतीची गाणी, कॉलेजांची स्नेहसंमेलनं असं पुष्कळ ठिकाणी मी गाजलो. लोक टाळ्या वाजवायचे गाणाऱ्याला, पण त्यातल्या अर्ध्या माझ्याच आहेत असं मी धरून चालायचो.

पण माझा खरा मान पंचवीस डिसेंबरला. आमच्या गावात ‘पांदण रेडिओ’ नावाचं लहानसं केंद्र आहे. नाताळच्या सुट्टीला ते दरवर्षी शाळेच्या मैदानावर रॉक संगीताचा कार्यक्रम ठेवतात. तिकीट नाही. फाटकावर एक नवं ब्लँकेट द्यायचं आणि आत यायचं. ती ब्लँकेटं झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांच्या वसतिगृहांत जातात. ब्लँकेट कुणी आणलं, कुठल्या गावाहून आणलं, हे कार्यक्रमाच्या अधूनमधून रेडिओवर वाचून दाखवतात. त्यामुळे मैदानात बसलेली कितीतरी माणसंसुद्धा आपलं नाव ऐकायला छोटा रेडिओ कानाशी धरून असतात. पहिल्या वर्षी रॉक म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नव्हतं. आता मारेगावहून, पांढरकवड्याहून लोक येतात.

माझी एक खोड आहे. मी चालू असलो की गाण्याच्या मागे बारीक ‘घूं’ असा आवाज करत राहतो. जमीन कोरडी असली की तो वाढतो. तुम्ही प्लगची तिसरी, जाडी पिन पाहिली असेल. तिची वायर जमिनीत पुरलेल्या पट्टीपर्यंत जाते. यंत्राच्या अंगात चुकून वीज उतरली तर ती त्या वाटेनं मातीत जाते, माणसाच्या अंगातून जात नाही. याला अर्थिंग म्हणतात. डिसेंबरात मैदानातला मुरूम कोरडा ठक्क असतो. म्हणून काका दरवर्षी कार्यक्रमाआधी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन मुठी मीठ टाकायचे आणि बादलीभर पाणी ओतायचे. मग माझी घूं दबायची. पूर्ण मात्र कधीच जायची नाही.

काका ते काम एकटे, न बोलता करायचे. बघणारे विचारायचे, “काका, मशीनची दृष्ट काढून राह्यले का?” काका हसून म्हणायचे, “हाव, नजर काढतो.” खरं तर काकांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण त्यांना थट्टा आवडायची आणि समजावून सांगण्याचा कंटाळा होता.

मधली दोन वर्षं सगळे कार्यक्रम बंद होते. मी गोदामात पडून राहिलो. पावसाळ्यात पत्र्यातून पाणी गळलं, उंदरांनी रेक्झिन कुरतडलं, आणि ओल माझ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरली. मित्रांनो, तेव्हापासून माझ्या अंगात वीज उतरू लागली. गोदामातून बाहेर काढल्यावर काकांनी मला घाईत दोन पिनांच्या प्लगवर लावून पाहिलं. आश्चर्य म्हणजे माझी घूं गायब होती. काका खूश झाले, त्यांनी माझ्या कडेला हात लावला आणि ते भिंतीवर जाऊन आदळले. कोपर आठवडाभर सुजलेलं होतं. “तिसऱ्या पिनीशिवाय याले लावाचं नाई,” असं ते स्वतःलाच म्हणाले. ट्रान्सफॉर्मर बदलायला हवा होता. पण अर्थिंग आहे तोवर धोका नाही म्हणून ते काम पुढच्या वर्षावर गेलं आणि तिथंच राहिलं.

गेल्या डिसेंबरात आर्णी नाक्याजवळ काकांची दुचाकी घसरली आणि पाय मोडला. प्लास्टर मांडीपर्यंत. कार्यक्रमाची जबाबदारी मंदारवर आली. हा रेडिओचा नवा इंजिनीअर, हुशार आणि मेहनती. मला तो आवडायचा, कारण तो माझी धूळ मऊ फडक्यानं पुसायचा. त्या दुपारी काकांनी त्याला फोन केला.

“मंदार, मिठाची अन् पाण्याची आठवण हाय ना?”

“हो काका, बघतो.”

फोन ठेवून मंदार मोनालीकडे वळला आणि हसला. “काका दृष्ट काढायला सांगून राह्यले.”

“पायाचं प्लास्टर अन् ध्यान मशीनमध्ये,” मोनालीही हसली.

मोनाली मारेगावची. यवतमाळला नर्सिंग शिकते, आणि गेली चार वर्षं काकांच्या घरी माझ्यासमोर बसून गिटार शिकली. तिची पहिली बेसूर तार मी ऐकली आहे. त्या दिवशी ती पहिल्यांदाच बँडची मुख्य गायिका होती. तिचे आईवडील दुसऱ्या रांगेत बसणार होते. तिनं नवे कॅनव्हासचे बूट घातले होते आणि ती सारखी पाणी पीत होती.

खड्ड्यात पाणी पडलंच नाही. संध्याकाळी साडेपाचला मला चालू केलं तेव्हा मी जोरात घूं करू लागलो. इतक्या जोरात, की माझी मलाच लाज वाटली. स्टुडिओतून निवेदिका रजनीताईंचा फोन आला. “मंदार, इथं स्टुडिओत नुसतं घूं ऐकू येतंय. सहाला थेट प्रक्षेपण आहे. काही तरी कर बाबा!”

मंदारनं वायरी बदलल्या. जागा बदलली. घामाघूम झाला. सहाला दहा मिनिटं उरली होती आणि फाटकातून माणसं लोटत होती. मग त्याला कुठंतरी पाहिलेली युक्ती आठवली. त्यानं पक्कड घेतली आणि माझ्या प्लगची तिसरी पिन मुळापासून तोडली.

घूं थांबली. सगळे “वा!” म्हणाले. मंदारनं सुटकेचा श्वास टाकला.

मित्रांनो, मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. माझ्या अंगात उतरलेल्या विजेला आता जायला वाट नव्हती. ती माझ्या सांगाड्यात भरली, तिथून वायरीत आणि वायरीतून मोनालीच्या गिटारच्या तारांत. मोनाली कोरड्या लाकडी फळ्यांवर रबरी तळव्यांच्या बुटांत उभी होती, म्हणून तिला फक्त झिणझिण जाणवली. तिनं बोटं झटकली, थंडीनं मुंग्या आल्या असं समजून. पण तिच्यासमोरचा माइक पोलादी होता. तो रेडिओच्या गाडीतल्या मशीनला जोडलेला होता आणि त्या मशीनची अर्थिंग शाबूत होती. हातात माझ्या तारा आणि ओठ त्या माइकला, असं झालं की वीज मोनालीतूनच जमिनीकडे जाणार होती. मला हे सगळं कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. माझ्याजवळ होता तो एकच आवाज मंदारनं तोडून टाकला होता.

सुरुवात नुसत्या वाद्यांची होती, चार मिनिटांची. त्यानंतर गाणं.

पुढचं मला नंतर कळलं. वाघापूरच्या घरी काका पलंगावर रेडिओ छातीवर ठेवून ऐकत होते. मोनालीनं पहिली तार छेडली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मग गिटार क्षणभर थांबली आणि मागे काहीच नव्हतं. अगदी स्वच्छ शांतता. काका ताडकन उठून बसले. त्यांनी मंदारला फोन लावला, पण त्याचा फोन मुका करून खिशात. मोनालीचा पिशवीत. मग त्यांनी रेडिओचा फर्माईशीचा नंबर फिरवला. दोनदा तो व्यग्र लागला. तिसऱ्यांदा लागला.

“नमस्कार, पांदण रेडिओ! कोणतं गाणं ऐकणार?”

“रजनीबाई, गाणं नाई पाह्यजे! घूं कुठं गेली?”

“धर्मपालभाऊ? अहो, मंदारनं घालवली ती.”

“त्यानं पिन तोडली बाई! गिटारीत करंट हाय. थे पोट्टी माइकले तोंड लावीन अन् जागीच मरून जाईन. बंद करा, मेन बंद करा!”

रजनीताईंनी मंदारला फोन केला. उत्तर नाही. मग बावीस वर्षांच्या नोकरीत न केलेली गोष्ट त्यांनी केली. चालू कार्यक्रम मध्येच कापला आणि थेट माइकवर बोलल्या. आपली ती घोटून बसवलेली भाषा त्या पार विसरल्या. “मैदानावर कोणी रेडिओ ऐकून राह्यलं का? मेन स्विच खाली ओढा! मोनालीले गाऊ देऊ नका, गिटारीत करंट हाय!”

मैदानात ज्यांच्या कानाशी रेडिओ होता ती माणसं उठून ओरडू लागली. “थांब! माइकपासून सरक!” पण रॉकच्या कार्यक्रमात ओरडणाऱ्या माणसाकडे कोण लक्ष देतं! बाकीच्यांना वाटलं लोकांना उत्साह आला आहे. तेही ओरडू लागले, शिट्ट्या वाजल्या. मोनालीनं ऐकलं, ती हसली. आपल्याचसाठी ओरडत आहेत, असं तिला वाटलं. वाद्यांचा तुकडा संपला. ती माइककडे एक पाऊल सरकली. डावा हात तारांवर घट्ट होता. तिनं श्वास घेतला. मी आतून तापलो होतो, माझा फ्यूज उडावा म्हणून जीव एकवटत होतो, पण तो मेला उडेना.

फाटकावर भागीरथाबाई ब्लँकेटं घेत बसल्या होत्या. गळ्यात दोरीनं बांधलेला रेडिओ, आपल्या गावाचं नाव कधी येतं याची वाट पाहत. मेन स्विच त्यांच्या डोक्यावरच्या खांबावर होता आणि बाई बुटक्या. त्या ब्लँकेटांच्या गठ्ठ्यावर चढल्या, गठ्ठा कलंडला, त्या पुन्हा चढल्या, आणि दांड्याला लोंबकळून त्यांनी स्विच खाली ओढला.

दिवे गेले. मी गेलो. मोनालीचे ओठ माइकपासून चार बोटांवर होते.

लोक वैतागले. मंदार फाटकाकडे धावत आला आणि स्विचकडे हात नेऊ लागला. भागीरथाबाई खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या. “हात नको लावू! आधी हे आयक.” त्यांनी गळ्यातला रेडिओ त्याच्या कानाला लावला. त्यावर रजनीताई तेच ते वाक्य रडत म्हणत होत्या.

मंदार सावकाश मंचावर आला. त्यानं मोनालीच्या गळ्यातली गिटार काढून खुर्चीवर ठेवली. वायरीला लावलेला एक साधा बल्ब घेतला. एक टोक गिटारच्या तारेला बांधलं, दुसरं माइकला, आणि सगळ्यांना दूर करून स्विच लावायला सांगितलं. बल्ब लख्ख पेटला. त्या बल्बच्या जागी मोनाली असणार होती. ती खाली फळ्यांवर बसली आणि तिची आई मंचावर धावत आली. मंदारनं माझा प्लग उपसून हातात घेतला आणि तुटक्या पिनीवरून बोट फिरवलं.

त्या संध्याकाळी मला गाडीमागे नेऊन ठेवलं. मोनाली गिटारीशिवाय गायली. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. मी अंधारात ऐकत होतो. माझ्याशिवाय कार्यक्रम छान झाला, आणि मला पहिल्यांदाच त्याचं दुःख झालं नाही. आपण खुनी होता होता राहिलो, एवढंच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी मंदार काकांच्या पायाशी बसून रडला. काका म्हणाले, “तू पिन तोडली, थे चुकलंच. पण मी पंधरा वर्षं नजर काढतो म्हणून सांगत गेलो, मीठ कायले टाकतो हे कोणाले सांगतलं नाही. अन् ट्रान्सफॉर्मरचं काम टाळलं. ह्या दोन्ही चुका माह्यावाल्या.”

मला नागपूरला नेऊन नवा ट्रान्सफॉर्मर बसवला, तीन पिनांचा नवा प्लग आला. पण मोनालीनं महिनाभर गिटारला हात लावला नाही. एका रविवारी ती काकांच्या घरी आली आणि दारातच थांबली. मंदारनं मला चालू केलं, बल्बचं एक टोक माझ्या अंगाला लावलं, दुसरं अर्थिंगला. बल्ब पेटला नाही. “पुन्हा लाव,” ती म्हणाली. त्यानं पुन्हा लावलं. “आता मी लावते.” तिनं स्वतः लावून पाहिलं. तरी ती उभीच.

मित्रांनो, यंत्राची खोड त्रास देते म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. ते काय सांगतंय ते आधी विचारा. आमची दुरुस्ती पुढच्या वर्षावर टाकू नका. आणि तुम्हाला जे ठाऊक आहे ते थट्टेवारी न नेता दुसऱ्याला शिकवा. माझी याहून जास्त मागणी नाही.

गिटार वाजवणारा माणूस अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठ करून उभा राहतो, कारण त्याला लोकांकडे पाहायचं असतं. त्या रविवारी मोनालीनं शेवटी गिटार गळ्यात घातली. ती बराच वेळ माझ्याकडे तोंड करून उभी होती. मग तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाठ केली.