रुखमाबाईच्या तोंडात गेलेला भुसा

मी एक जुनी तिवई आहे. मित्रांनो, तीन पाय ऐकून हसू नका. आमच्या घरातल्या चार पायांच्या खाटा दर पावसाळ्यात डुगडुगतात, मी मात्र आजवर एकदाही लंगडले नाही.

मूल या गावाजवळ, एका धान पिकवणाऱ्या खेड्यात झिंगू सुतारानं मला ऐनाच्या लाकडातून घडवलं. खळ्यावर माझ्या डोक्यावर उभं राहून बाई सुपातलं धान हळूहळू खाली सोडते. जड दाणा सरळ खाली पडतो, हलका भुसा वारा उडवून नेतो. याला उपणणं म्हणतात. काम वाऱ्याचं, पाय माझे, आणि नाव होतं बाईच्या हाताचं. धान घरात गेलं की माझी रवानगी गोठ्यामागे. तिथं माझ्यावर कोंबड्या झोपत. त्यांनीही कधी आभार मानले नाहीत.

आमच्या घरची कर्ती रुखमाबाई. तिच्या हाताचं कौतुक चार गावांत होतं आणि त्याची आठवण ती स्वतःच सगळ्यांना करून देई. मला मांडायची तिची रीत ठरलेली होती. वर उभ्या राहणारीचं तोंड उगवतीला हवं. दिवाळीनंतर आमच्याकडे कोरडा, थंड वारा उत्तरेकडून येतो, म्हणजे डाव्या अंगानं. त्यामुळे भुसा उजवीकडे जाऊन पडतो.

आमचा चांदा, म्हणजे आताचा चंद्रपूर जिल्हा, मुंबई राज्यात गेला, त्या सालची गोष्ट. दिवाळी झाली होती. लवकर पिकणारं हलकं धान खळ्यावर आलं होतं. उशिरा पिकणारं भारी धान, म्हणजे घरादाराचा वर्षाचा भात, कापून शेतातल्या बांध्यांत वाळत पडलं होतं. नवी सून कमळा पहिल्यांदाच माझ्यावर चढली. तिनं सूप हलवलं आणि सगळा भुसा तिच्याच तोंडावर आला. दुसऱ्या सुपालाही तेच.

शेजारचे गुणवंतराव खळ्याच्या कडेला बसून नव्या राजधानीच्या गप्पा मारत होते. त्या सोडून ते म्हणाले, "वहिनी, तुमची सून भुसा उडवून राह्यली का खाऊन राह्यली?"

खळं हसलं. कमळा मान खाली घालून उतरली. नव्या सुनेच्या हाताला पहिल्या दिवशी नाव पडलं की ते म्हातारपणापर्यंत पुसत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"हात असा धरते का कोणी? आता माया हात पाह्य," असं म्हणत रुखमाबाई वर चढली. तिचं बोलणं संपायच्या आतच सूप रिकामं झालं आणि भुसा तिच्या उघड्या तोंडात गेला.

या वेळी कोणी हसलं नाही. हसायची हिंमत नव्हती.

रुखमाबाईनं आधी दोष मला दिला. खाली उतरून मला पुन्हा नीट मांडलं, एकेक पाय दाबून पाहिला. भुसा पुन्हा तोंडावर. मग तिनं तोच भुसा बोटांत चोळला. तो कुरकुरला नाही, मऊ लागला.

"कमळे, रात्री गोधडी घेतली होती का?"

"नाई बाई. उकडून राह्यलं होतं."

रुखमाबाईनं उगवतीकडे पाहिलं. उत्तरेचा वारा रात्र थंड आणि आभाळ कोरडं ठेवतो. उगवतीचा वारा दूरच्या समुद्राकडून निघतो आणि येताना पाणी घेऊन येतो. पण वारा एखादी झुळूक खोटीही सोडतो, म्हणून ती जेवणं होईपर्यंत थांबली. मग कमळालाच परत वर चढवलं. भुसा पुन्हा तिच्या तोंडावर आला. वारा उगवतीलाच मुक्काम करून बसला होता.

"बांधीतलं सगळं धान उचला. पुंजणं रचा," रुखमाबाई म्हणाली.

गुणवंतरावांनी निरभ्र आभाळाकडे बोट दाखवलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अर्धवट वाळलेल्या धानाचं पुंजणं, म्हणजे गंजी, रचलं आणि पाऊस आलाच नाही, तर धान आतून तापून काळं पडतं. वर्षाचा भात जातो.

"भाऊ, भुसा माया तोंडात गेला. तुमच्या नाई गेला," रुखमाबाई म्हणाली.

दिवस मावळेपर्यंत पुंजणं उभं राहिलं, वर तणसाचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं, जाड छप्पर चढलं. गुणवंतरावांनी शेवटपर्यंत हसणं थांबवलं नाही. त्यांचं पुंजणं मात्र आमच्याआधी रचून झालं होतं. ते पाहून सारं गाव बांध्यांकडे धावलं.

दुसऱ्या दिवशी उगवतीकडून आभाळ चढलं आणि झोडपून पाऊस पडला. बांध्या तुडुंब भरल्या. ऊन पडल्यावर पुंजणं उघडलं, तर आतलं धान कोरडं, पिवळंजर्द, मुठीत घेतलं की सळसळणारं. त्या साली गावात कोणाचंही धान कुजलं नाही.

रुखमाबाईनं भरल्या खळ्यावर सूप कमळाच्या हाती दिलं. "हिचा हात सरळच होता," ती म्हणाली, आणि एवढ्या मोठ्यानं म्हणाली की गुणवंतरावांना ऐकू आलं नाही असं म्हणायला जागा उरली नाही.

तेव्हापासून धान कापायच्या दिवसांत लोक सकाळी आमच्या खळ्यावर येतात. कमळा चढते, एक सूप सोडते, आणि भुसा कुठं जातो ते पाहून गाव त्या दिवसाचं काम ठरवतं. गुणवंतरावही येतात. "सहज आलो होतो," म्हणतात. मी आता ओसरीवर असते. माझ्या पायांना तेल मिळतं आणि कोंबड्यांनी दुसरी सोय पाहिली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरामागे माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला वाळवी लागू देऊ नका. आणि कोणाच्या हाताला नाव ठेवावंसं वाटलं, तर आधी सूप घेऊन स्वतः तिवईवर चढून पाहा. तोंड तेवढं मिटून ठेवा.