उंबरमळची तिसरी खेप

सन दोन हजार एकोणीस. मे महिन्याची अठ्ठावीस तारीख. वैशाख सरत आला होता. त्या दुपारी एका माळावर मी दहा हजार लिटर पाणी ओतलं. त्या पाण्यावरून पुढं वडूजच्या कोर्टात खटला चालला.

मी तोच टँकर.

बोलायची मला सवय नाही. पोलीस ठाण्यात जागा नव्हती, म्हणून मला मुद्देमाल म्हणून कोर्टाच्या आवारात लिंबाखाली लावलं. सहा वर्षं मी इथं उभा आहे. माझ्याबद्दल वकील बोलले, साक्षीदार बोलले, पेपरवाले बोलले. मला कुणी विचारलं नाही. आता काचेवर लिलावाचा कागद चिकटला आहे. जाण्याआधी माझं मी सांगतो.

मी शिकलेला नाही. अंगावर नंबर आहे, टाकीवर चार अक्षरं आहेत. तीही मला वाचता येत नाहीत. पण पोटात किती पाणी घेतलं आणि कुठं सोडलं, एवढं मला पाठ असतं.

माझी टाकी सांगलीत झाली. बाळासो नावाच्या वेल्डरने केली. प्रत्येक जोडावर हातोडी मारून तो कान लावायचा. मालक घाई करू लागला, तेव्हा म्हणाला, "गड्या, घाई आसंल तर दुसऱ्याकडं ने. माझ्या हातची टाकी गळली, तर मीच गळलो म्हनून समज." ती टाकी आजवर गळली नाही.

पहिली अकरा वर्षं मी साखर कारखान्याची मळी वाहिली. काळी, दाट, गोड वासाची. मग कोरेगावच्या रविराज नावाच्या ठेकेदाराने मला विकत घेतलं. त्याच्याकडे सरकारी पाण्याचा ठेका होता. त्याने मला सोड्याने तीनदा धुतलं. रंग गेला, वास गेला नाही. उन्हाळ्यात झाकण उघडलं की मुंग्या यायच्या.

रविराजने माझ्यावर ड्रायव्हर ठेवला तो लालासाहेब. फौजेत बावीस वर्षं गाडी चालवून आलेला. लोक त्याला मेजर म्हणत, तो मेजर नव्हता. रोज सकाळी टायरवर काठी मारून हवा बघायचा. त्यानंतरच चावी लावायचा. अशा माणसाच्या हाताखाली काम करायला बरं वाटतं.

आमची नेमणूक उंबरमळ गावाला होती. दिवसाला तीन खेपा मंजूर. पहिल्याच आठवड्यात रविराजने लालासाहेबला बाजूला घेतलं.

"मेजर, दोनच टाका. तिसरी नुसती लिहायची."

"का?"

"गावात हायत किती मानसं? निम्मी मुंबईला. दोन खेपांत विहीर भरती. तिसरीला झाडाखाली गाडी लावा आन झोप काढा. सही तेवढी तीन खेपांची करा."

मग त्याने माझ्या काचेमागची जीपीएसची डबी काढली आणि आपल्या माणसाच्या मोटरसायकलला बांधली. ती मोटरसायकल दिवसातून तीनदा उंबरमळला जाऊन यायची. तिकडं तालुक्याला वाटायचं, टँकर फिरतोय.

लालासाहेबने तेव्हाच काम सोडायला हवं होतं. सोडलं नाही. वहीत तीन खेपांची सही करत गेला. ती सही खोटी होती. माझा माणूस म्हणून मी ते झाकणार नाही. पण झाडाखाली झोप त्याला येईना. मी तापत उभा, तो स्टेअरिंगवर हात ठेवून बसलेला.

अठ्ठावीस तारखेला उंबरमळच्या वाटेवर एक बाई मधोमध उभी राहिली. सुलाबाई तिचं नाव. डोक्यावर रिकामी घागर. हॉर्न दिला, हलली नाही.

"आवं, वरच्या अंगाला आमची सात घरं हायती. कोकणातनं मेंढरं घिऊन आलो, तर वढा आटलेला. हिरीत दगुड दिसतोय."

"तुमच्या वस्तीचं नाव टँकरच्या यादीत नाही का?"

"न्हाई. तलाठी आलं हुतं मोजाय. आमच्या म्हाताऱ्यानं घोटाळा केला."

घोटाळा असा होता. तलाठ्याने सुलाबाईच्या नवऱ्याला, कोंडीबाला विचारलं, जनावरं किती? मेंढपाळांच्या त्या घरांत कळपाचा आकडा तोंडाने सांगत नाहीत. सांगितला की नजर लागते, कळप तुटतो, अशी त्यांची समजूत. बापाने सांगितला नाही, आज्याने सांगितला नाही. म्हणून कोंडीबा म्हणाला, "हायती धा-पाच." तलाठ्याने पंधरा लिहिलं, कोंडीबाचा अंगठा घेतला आणि गेला. पंधरा मेंढरांसाठी टँकर मिळत नाही.

म्हणजे गावात माणसं निम्मी, ती कागदावर पुरी. वस्तीवर मेंढरांनी माळ काळा झालेला, तो कागदावर पंधरा.

त्या दिवशी दोन खेपा उंबरमळला झाल्या. तिसरीला लालासाहेबने झाडाखाली गाडी लावली नाही. मला भरलं, पेन्शनच्या पैशातून डिझेल घातलं आणि वस्तीकडे वळवलं.

कोंडीबा दगडावर बसला होता. उठला नाही. आपण होऊन मागायचं त्याच्या रक्तात नव्हतं.

लालासाहेबने विचारलं, "मेंढरं किती हायती? त्या अंदाजानं सोडतो."

"ते इचारू नगंस."

"मग पानी किती सोडू?"

"त्यांची तहान त्यांस्नी ठावं. तू सोड."

दगडी कुंड भरलं. पहिल्यांदा मेंढरांनी तोंड लावलं नाही. मळीच्या वासाने बावचळली. मग एका म्हाताऱ्या मेंढीने चाटलं आणि सगळा माळ कुंडावर पडला. मी रिकामा होईपर्यंत कुणी मान वर केली नाही. मळी वाहताना असलं काही बघितलं नव्हतं.

जाताना कोंडीबा म्हणाला, "फुकट घेत न्हाई मी. ह्ये देनं ऱ्हायलं."

लालासाहेब हसला. "कशानं फेडनार रं?"

"ते मी बघीन. तू खेपा मोज."

पाऊस लांबला. मी रोज गेलो. छत्तीस दिवस, छत्तीस खेपा. सुलाबाई कधी ताक द्यायची, कधी नुसती चटणी-भाकरी. शेवटच्या दिवशी ओढ्याला पाणी आलं. आम्ही परत फिरलो.

दिवाळीनंतर चौकशी लागली. रविराजच्या कागदावरच्या पाच टँकरांतले दोन कुठंच नव्हते. त्यांतल्या एकाचा नंबर कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा निघाला. लोकांच्या पाण्याचा पैसा त्याने असा खाल्ला होता. अधिकारी उंबरमळला गेले. तिथं राहीबाई नावाच्या एका बाईने सरळ सांगितलं, "दोनच यायच्या. तिसरी आमी डोळ्यांनी बघितली न्हाई." ती खोटं बोलली नाही. मला जप्त केलं. रविराज, खोट्या खेपांच्या वहीवर शिक्का मारणारा ग्रामसेवक आणि लालासाहेब, तिघांवर खटला भरला. लालासाहेबवर आरोप असा की, तिसरी खेप त्याने डाळिंबाच्या बागांना विकली.

अधिकारी वस्तीवरही गेले होते. सात घरांना कड्या. कळप कोकणात उतरलेला.

लालासाहेबचा वकील दर तारखेला त्याला माझ्याजवळ आणून समजवायचा.

"त्या कोंडीबाला साक्षीला बोलवू. नाहीतर मेजर, तुम्ही आत जाल."

"बोलवायचं न्हाई."

"अहो, का?"

"त्याला आकडा विचारतील. तो सांगनार न्हाई. आन सांगितला, तर माझ्यामुळं सांगितला असं व्हईल."

तारखा पडत गेल्या. माझी पुढची दोन टायरं बसली. बॅटरी कुणीतरी काढून नेली. वकिलांच्या चहाचे पेले बंपरवर वाळायचे. बाजाराच्या दिवशी उंबरमळची माणसं आवारातून जायची. एकदा राहीबाई थांबली.

"काय वो मेजर, डाळिंबं गोड लागली का?"

घरी परतताना लालासाहेबने माझ्या टायरवर काठी मारली. टायरात हवा नव्हती. तरी मारली.

सहावं वर्ष लागलं. लोणंदच्या बाजारात मेंढरं विकताना कोंडीबाच्या कानावर आलं, की पाणी देणारा मेजर आरोपी आहे. कुणी बोलावलं नाही, समन्स नाही. पुढच्या तारखेला तो सुलाबाईला घेऊन एसटीने वडूजला उतरला. वकिलाने त्याला बचावाचा साक्षीदार म्हणून उभं केलं. लालासाहेब रागाने लाल झाला होता, पण उशीर झाला होता.

माझ्या शेजारीच कोर्टाची खिडकी. सुलाबाई बाहेर माझ्या चाकाला टेकून बसली. आतलं सगळं आम्हा दोघांना ऐकू येत होतं.

सरकारी वकिलांनी विचारलं, "पाणी आणणारा टँकर हाच, हे कशावरून सांगता?"

"मळीचा वास यायचा पान्याला. मेंढरांस्नी अशी गोडी लागली, पाऊस पडल्यावर वढ्यावर न्हेली तर माझ्याकडंच बघाय लागली."

कोर्ट हसलं. न्यायाधीश बाई होत्या, त्यांनी टेबलावर हात आपटला. वकिलांनी कागद काढला.

"तलाठ्याच्या नोंदीत तुमची मेंढरं पंधरा. खाली तुमचाच अंगठा. पंधरा मेंढरांना रोज दहा हजार लिटर? पोहायला शिकवत होता का त्यांना?"

पुन्हा हसू. कोंडीबा हसला नाही.

"अंगठा माझा हाय. आकडा खोटा हाय."

"मग खरा सांगा."

सुलाबाईने माझ्या चाकाचा नट मुठीत धरला.

न्यायाधीश बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, आकडा सांगितला नाही, तर पंधराच धरावा लागेल. मग पाणी विकलं, हेच खरं ठरेल."

आरोपीच्या जागेवरून लालासाहेब ओरडला. "साहेब, त्यांना विचारू नका. त्यांच्यात सांगत नाहीत. मला काय ती शिक्षा द्या."

"बस रं खाली, मेजर," कोंडीबा म्हणाला. "तुला कुनी इचारलंय?"

खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती. त्याने डोक्याचा पटका काढला आणि हातात धरला. सुलाबाईने मान उंचावून ते बघितलं आणि दोन्ही कानांवर घट्ट हात ठेवले.

"सात घरांची मिळून," कोंडीबा म्हणाला, "शेहेचाळीस ईसा. वर सतरा. घोडी चार. कुत्री सोडून."

टाइप करणारा थांबला. "ईसा म्हणजे?"

वीस-वीसची टोळी धरून मोजायची जुनी रीत ती. न्यायाधीश बाईंनी स्वतः कागदावर गुणाकार केला.

"नऊशे सदतीस. बरोबर?"

"व्हय."

"आता लिहा," त्या म्हणाल्या.

सरकारी वकिलांनी आणखी दोन प्रश्न विचारले. ते आवाज चढवून बोलले नाहीत.

निकाल महिन्याने लागला. रविराजला आणि ग्रामसेवकाला शिक्षा झाली. पाणी विकल्याच्या आरोपातून लालासाहेब सुटला. खोट्या सह्यांबद्दल मात्र बाईंनी त्याला भर कोर्टात सुनावलं. तो म्हणाला, "ते खरं हाय, साहेब." उंबरमळची राहीबाई निकालाला आली होती. जाताना तिने लालासाहेबच्या हातात नारळ दिला आणि तोंड फिरवून गेली.

माझं काम संपलं. टाकी अजून शाबूत आहे, बाकी सगळं गंजलं. लिलावात मला भंगारवाला घेईल. कापायला घेईल तेव्हा त्याने एकदा टाकीवर हातोडी मारून बघावी. बाळासोचा जोड कसा वाजतो ते ऐकावं. जमलं तर नुसती टाकी कापून कुठल्या तरी यादीत नसलेल्या वस्तीवर ठेवावी. आणि मोजायला येणाऱ्या साहेबांनी एवढं करावं, कागदावर लिहिण्याआधी माळावर नजर टाकावी. दुसरं मागणं नाही.

साक्षीच्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं.

साक्ष झाल्यावर कोंडीबा बाहेर आला. पटका हातातच होता. उन्हात त्याचं उघडं डोकं पांढरं दिसत होतं. त्याने माझ्या टाकीवर पंजा ठेवला. मागून लालासाहेब आला आणि दोन हात अंतरावर उभा राहिला. कोंडीबाने विचारलं.

"मेजर, खेपा किती?"

"छत्तीस."

"फिटल्या?"

लालासाहेबने मान खाली घातली. मग वर केली.

"फिटल्या."

कोंडीबाने पटका बांधला. सुलाबाईने कानांवरचे हात काढले. दोघं एसटी स्टँडकडे चालू लागली.