जवादूच्या रानातलं चंदन

सुब्बा महालक्ष्मीबाईंचा फोन उचलत नव्हता. जवादूच्या डोंगरावर त्यांच्या आप्पांनी जपलेलं खासगी रान होतं, आणि तिथं राखणीला सुब्बा एकटाच. चेन्नईतल्या वेलचेरीच्या घरातून बाई सकाळपासून फोन करून थकल्या होत्या.

अहो, हे संकट ओढवून घेतलं होतं तेही स्वतःच! काल अड्यारला रानमालकांची सभा होती. नवं वनधोरण कसं असावं, हे सरकार कधी नव्हे ते मालकांना विचारत होतं. बाई तावातावानं बोलल्या, "आमच्या देवाला चंदन लागतं, पण गळून पडलेल्या फांदीचंच. उभ्या झाडाला आम्ही कुऱ्हाड लावत नाही. रान मालकाच्या हाती राहू द्या, ते टिकेल." टाळ्या पडल्या.

तेवढ्यावर थांबावं की नाही? कॉफीच्या वेळी एक गृहस्थ आला आणि बाईंच्याच अस्सल तंजावरी मराठीत म्हणाला, "अक्का, मी मानाजी. आपल्यातलाच." झालं! चेन्नईत आपली भाषा कानावर पडली की आपली माणसं विरघळतात. त्याचं गाव नाही विचारलं, घराणं नाही विचारलं. थोरलं चंदन कुठल्या ओढ्याकाठी, राखणीला कोण, सगळं सांगून बाई मोकळ्या. आज सभेवाल्यांकडे चौकशी केली, तर असा कुणी मालक त्यांना ठाऊकच नव्हता.

अखेर फोन लागला.

"अम्मा, तुमचे भाऊ आलेत," सुब्बा तमिळमध्ये म्हणाला. "लॉरी आणलीय, माणसं आहेत, करवती आहेत. झाड पाडायची परवानगी मिळाली म्हणे. मला पटेना, पण ते तुमच्या घरच्यासारखंच बोलतात."

"काळजी नको, अक्का," मागून मराठीत आवाज आला. फोन स्पीकरवर होता.

बाईंनी आवाज ओळखला, तो मानाजीच. 'पळ' म्हणावं, तर सुब्बा पळणारा नव्हे. खरं कळलं की झाडाला मिठी मारून उभा राहील, आणि ती माणसं त्याला जिवंत सोडायची नाहीत. दुसऱ्याला कळू नये ते बाई जन्मभर मराठीत बोलत आल्या होत्या. आता कुठल्या भाषेत बोलायचं? त्या मेल्याला दोन्ही येत होत्या.

"हो रे, मिळाली परवानगी," त्या म्हणाल्या. "तू खाली गावात जा. माझ्यासाठी मध घे."

"झाड पडताना मी जवळ नको? आप्पांनी माझ्या हाती दिलंय ते."

"नको! जा म्हणते ना!" बाई त्याच्यावर कधी नव्हत्या ओरडल्या, तशा ओरडल्या.

फोन बंद झाला. बाई देवापुढं बसल्या, पण स्तोत्राचा शब्द आठवेना. झाड जाऊ दे, माणूस वाचव, एवढंच त्या पुटपुटत राहिल्या.

फोन वाजला. "अम्मा, गावात पोचलो. मध घेतला."

बाईंना हुंदका आवरेना.

"आता का रडता?" सुब्बा म्हणाला.  "तुम्हीच पाडायला सांगितलंत ना?"