फितावरारींवर मात

मी जिंकले! फितावरारी शिबेशींना हरवलं, अख्ख्या मुलखाच्या मालकाला! आणि टाळी तर सोडाच, तिथे कोणी श्वाससुद्धा घेईना.

झालं असं. दर रविवारी प्रार्थना आटोपली की बाबा त्यांच्याकडे सेंतरेज, म्हणजे आमचं बुद्धिबळ, खेळायला जातात. बाबा आमच्या गावचे चिकाशुम, म्हणजे सारा गोळा करायचा, भांडणं सोडवायची. आणि हा हुद्दा फितावरारींच्या मर्जीचा. या वेळी मीही गेले होते. बाबा नेहमीसारखे हरले, भोवतीची मंडळी नेहमीसारखी "वा सरकार!" करत राहिली. मधाची दारू पिऊन फितावरारी खुशीत होते.

"काय गं अस्नाकेच, मिशनच्या शाळेत नुसती गाणीच म्हणता का? ये, बस समोर."

बाबांनी डोळे वटारले. तोवर मी बसलेसुद्धा!

आमच्या खेळात पहिलं मोहरं मरेपर्यंत पाळी नसतेच. दोघांनी एकदमच मोहरी पुढे काढायची, भराभर, एक डोळा समोरच्याच्या हातावर ठेवून. पण फितावरारींना घाईची सवयच नव्हती. ते एक प्यादं सरकवायचे, मिशी पिळायचे, भाजलेले सातू तोंडात टाकायचे. तेवढ्यात माझी फौज लाल कापडाच्या पटावर पार मध्यापर्यंत!

"अगं, हळू," पाद्री अब्बा लिसानू माझ्या कानाशी पुटपुटले. "जेवायला उशीर होतोय का तुला?"

शेवटी माझ्या घोड्याने त्यांच्या राजाला कोंडलं. घोड्याने मात करणं म्हणजे अगदीच गावंढळपणा, ठाऊक आहे मला. पण मात ती मातच!

फितावरारी पटाकडे बघत राहिले. "कोणी शिकवलं तुला?"

"बाबांनी!" मी ताठ मानेने म्हटलं.

"मग त्यांनाही हरवत असशील?"

"छे! एकदासुद्धा जमलं नाही."

बाबांचा चेहरा राखेसारखा झाला, आणि मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"वोंडिराद," फितावरारी बाबांना अगदी हळू म्हणाले, "किती वर्षं चाललंय हे?"

"सरकार, पोर लहान आहे, काहीही बोलते..."

"पट मांड. आता खरं खेळ. हरलास, तर पोरगी खोटारडी. जिंकलास, तर इतकी वर्षं तू मला बनवलंस. आणि पटावर बनवणाऱ्याच्या हाती मी गाव ठेवत नसतो."

हरा ना बाबा, मी मनात ओरडत होते, होऊ दे मला खोटारडी! बाबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि बाह्या सरसावल्या.

पटावर असे चालणारे बाबांचे हात मी कधी पाहिलेच नव्हते! घरी माझ्याशीही ते असे खेळले नव्हते, म्हणजे मलाही सांभाळूनच घेत होते की काय? फितावरारींचा राजा हाकलत हाकलत त्यांनी पटाच्या मधोमध आणला आणि तिथे नुसत्या प्याद्यांनी मात केली. याहून मानाची मात नाही. अब्बा लिसानूंनी छातीवर क्रुसाची खूण केली.

"हुद्दा गेला," फितावरारी उठत म्हणाले. दारापाशी थबकले. "रविवारी ये. लवकर ये."

परतताना मला रडूच फुटलं. "हरायचं होतं ना, बाबा!"

"आणि तुला खोटारडी म्हणू द्यायचं?" ते म्हणाले. मग थोडं चालून, "शेवटची दोन प्यादी बघितलीस का गं?"

आणि ते चक्क हसत होते!